पिझ्झ्याचे खमीर, इफ्तारचे टेबल

रमजान सुरू झाला की कार्यालयात, कॉलेजात, दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते, "तुझा रोजा आहे ना, मग आपण ईदनंतर जाऊ." बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण परिणाम असा होतो की वाढदिवसाचे किंवा बढतीचे बाहेरचे जेवण महिनाभर पुढे जाते, नाही तर रोजेदार मित्राला वगळून उरकले जाते. खरे तर रोजेदाराला फक्त सूर्यास्तापर्यंत थांबायचे असते. त्यानंतर तोही तुमच्यासारखाच भुकेला असतो, किंबहुना थोडा जास्तच!

आपले शहापूर महामार्गावरचे गाव. जवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे या परिसरात राहिली. पोहे, समोसे, ढाब्यावरची दाल-रोटी सगळ्यांनी एकत्र खाल्ली. आता मुलांना बाहेर जायचे म्हटले की पिझ्झा हवा असतो. त्यातही मुंबई-पुण्याला शिकणारी, नोकरी करणारी मुले सुट्टीत घरी आली की 'सॉरडो' पिझ्झ्याचे कौतुक सांगतात. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समधील 'सी नोनाज'ने तर हीच आपली ओळख केली आहे.

सॉरडो म्हणजे काय? मराठीत सांगायचे तर विरजण लावलेले पीठ. पीठ आणि पाणी कालवून काही दिवस ठेवले, रोज त्यातले थोडे काढून ताजे पीठ-पाणी घातले की पिठातलेच नैसर्गिक यीस्ट आणि दह्यात असतात त्या जातीचे जिवाणू वाढू लागतात. यीस्टमुळे पीठ फुगते, जिवाणूंमुळे त्याला हलका आंबटपणा येतो. बाजारातल्या यीस्टने पीठ तास-दोन तासांत फुगते. सॉरडोला मात्र बरेच तास लागतात, कित्येक ठिकाणी पीठ पूर्ण दिवसभर थंड जागी मुरवतात. विदर्भाच्या उन्हात तर ते फ्रीजमध्येच ठेवावे लागेल, नाही तर दुपारपर्यंत आंबून जाईल. भाजायला मात्र वेळ लागत नाही. नेपल्सच्या पद्धतीच्या भट्टीत साधारण साडेचारशे अंश उष्णता असते आणि पिझ्झा एक ते दीड मिनिटात तयार होतो. एक खबरदारी मात्र हवी. पीठ आंबवलेले असले तरी ते गव्हाचेच असते. ज्यांना ग्लुटेन चालत नाही, त्यांनी सॉरडोही टाळावा.

आमच्याकडे याला खमीर म्हणतात. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया अनेकांनी खाल्ला असेल. मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात सैन्यासाठी हा पदार्थ निघाला असे तिथे सांगतात. त्यातला जाड, मऊ, पिवळसर झाक असलेला नान खमीर घातलेल्या पिठाचाच. तुर्कस्तानात रमजानच्या महिन्यात 'पिदे' नावाची खास रोटी निघते. वर तीळ आणि कलौंजी, आत मऊ. इफ्तारच्या आधी ती गरमागरम मिळावी म्हणून बेकरीसमोर रांगा लागतात. पिदेच्या शेजारी पिझ्झा ठेवला तर दोघांचे नाते चटकन लक्षात येते. आपल्या घरांतही आंबील, जिलेबी, अनारसे आहेतच. पीठ आंबवून त्याची चव वाढवायची, हे कोणा एका धर्माचे किंवा देशाचे ज्ञान नाही.

युनेस्कोने 2017 मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला आणि 2023 मध्ये इफ्तारची परंपरा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. इफ्तारचा प्रस्ताव अझरबैजान, इराण, तुर्कस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांनी मिळून मांडला होता. दोन्ही गोष्टींत खाण्याइतकेच महत्त्व एकत्र बसण्याला आहे.

मग रमजानमध्ये मित्रांनी पिझ्झा खायला जायचे कसे? अगदी सोपे आहे. सूर्यास्ताची वेळ बघून अर्धा तास आधी पोहोचा. टेबलावर पाणी आणि चार खजूर ठेवा. मगरिबची अजान झाली की रोजेदार खजूर खाऊन, पाणी पिऊन रोजा सोडतो आणि नमाजला उठतो. त्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. म्हणून पिझ्झा भट्टीत घालायला तो परत आल्यावरच सांगा. अशी वेळ सांगून ठेवायला कोणताही हॉटेलवाला नाही म्हणणार नाही. त्यानंतर तरावीहच्या नमाजपर्यंत गप्पांना भरपूर वेळ उरतो.

मांसाहारी पिझ्झ्याबाबत 'चिकन हलाल आहे का' हे मुस्लिम मित्र विचारेल. तसेच शाकाहारी मित्र चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहील आणि जैन मैत्रीण कांदा-लसूण नको म्हणेल. कोणाचीही अडचण होऊ नये असे वाटत असेल, तर टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीतल्या बेझिलची पाने घातलेला साधा मार्गरिटा मागवावा आणि सॉसमध्ये लसूण आहे का ते आधीच विचारावे. त्या दिवशी कोणाची चतुर्थी असेल तर त्याच्यासाठी फळे असू द्या. उपवास करणाऱ्याला रोजेदाराचे आणि रोजेदाराला उपवास करणाऱ्याचे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फक्त खारट चीज आणि कोल्ड्रिंकवर रोजेदाराने जरा हात आखडता घ्यावा. दुसऱ्या दिवशीची तहान त्यालाच सोसायची असते.

दिवसा रोजेदारासमोर डबा उघडताना अनेकांना संकोच वाटतो, तेही सांगून टाकतो. संकोच करू नका. रोजा त्याचा आहे, जेवणाची वेळ तुमची आहे. त्याची आठवण ठेवायचीच असेल तर ती संध्याकाळी ठेवा.

ईदच्या दिवशी शिरखुर्मा प्यायला तुम्ही येणारच आहात. पण त्याला अजून दिवस आहेत. रोजेदार मित्राला आजच फोन करा आणि विचारा, "इफ्तार किती वाजता आहे?" पुढचे ठरवायला तेवढा प्रश्न पुरतो.