ताळेबंदांतील न्याय्य मूल्य

वडिलांनीं १९७० सालीं ३२,००० रुपयांना घेतलेलें घर दोघां भावांत वाटावयाचें आहे, अशी कल्पना करावी. एक भाऊ घर ठेवणार आणि दुसऱ्यास त्याच्या हिश्श्याचे पैसे देणार. किंमत कोणती धरावयाची? खरेदीखतांतील आंकडा खरा आहे, परंतु तो धरला तर पैसे घेणाऱ्या भावावर उघड अन्याय होतो. घर ठेवणारा सांगेल ती किंमत स्वार्थानें घटलेली असावयाची, आणि पैसे घेणारा सांगेल ती वाढलेली. म्हणून शहाणे पंच एवढेंच विचारतात, कीं घाई किंवा सक्ति नसतां एखाद्या माहीतगार परक्या गिऱ्हाइकानें आज या घरास काय दिलें असतें? कंपन्यांच्या हिशेबांत ज्यास न्याय्य मूल्य म्हणतात, तें याच प्रश्नाचें उत्तर होय.

ठरलेल्या दिवशीं, बाजारांतील सुरळीत व्यवहारांत, मालमत्ता विकल्यास जें मिळेल किंवा देणें दुसऱ्यावर सोपविल्यास जें द्यावें लागेल, तें न्याय्य मूल्य. ही व्याख्या २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकांतील आहे. भारतांत ‘इंड एएस ११३’ या मानकानें ती २०१५ सालीं स्वीकारली गेली आणि १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांस टप्प्याटप्प्यानें लागू झाली. सर्वच वस्तूंस हें माप लावीत नाहींत. कारखान्यांतील यंत्रें बहुधा खरेदीच्या किमतींतून घसारा वजा करूनच दाखवितात. शेअर व अनेक प्रकारचे रोखे यांस मात्र हें माप लागतें.

मूल्य काढण्यास जो पुरावा मिळतो, त्याच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. मुंबईच्या शेअर बाजारांत रोज ज्याची उलाढाल होते असा शेअर पहिल्या पायरीवर येतो. त्याचा त्या दिवशींचा भाव घेतला कीं काम संपलें. तेथें कोणाच्या मतास वाव नाहीं. दुसऱ्या पायरीवर क्वचित् विकला जाणारा रोखा येतो. त्याचा स्वतःचा भाव मिळत नाहीं, परंतु तितक्याच पतीच्या व मुदतीच्या इतर रोख्यांचे व्याजदर बाजारांत दिसतात; त्यांवरून हिशेब करतां येतो. तिसऱ्या पायरीवर, उदाहरणार्थ, बाजारांत न नोंदलेल्या लहान कंपनीचे शेअर असतात. येथें पुढील उत्पन्नाचा अंदाज बांधून त्याची आजची किंमत काढावी लागते.

हा अंदाज किती नाजूक असतो तें पाहावें. दोन वर्षांनीं १,२१,००० रुपये मिळावयाचे आहेत. जोखीम पाहून दरसाल १० टक्के दर धरला, तर त्यांचें आजचें मूल्य १,००,००० रुपये होतें. १५ टक्के धरला, तर सुमारें ९१,५०० रुपयेच भरतें. एक पैसाहि इकडचा तिकडे झाला नाहीं, केवळ मत बदललें, आणि साडेआठ हजार रुपये ताळेबंदांतून उतरले.

अमेरिकेंत २००८ सालीं याची कठोर प्रचीति आली. मेरिल लिंच या पेढीपाशीं, मुख्यतः घरकर्जांच्या आधारावर काढलेले, ३०.६ अब्ज डॉलर दर्शनी किमतीचे रोखे होते. जूनअखेरच्या हिशेबांत त्यांचें मूल्य ११.१ अब्ज धरलें होतें. जुलै संपण्यापूर्वींच ते ६.७ अब्जांना, म्हणजे डॉलरमागें २२ सेंट या भावानें, विकण्याचें ठरलें. आणि त्यांतीलहि बहुतेक रक्कम खरेदीदारास पेढीनेंच कर्जाऊ दिली. नियम सांगतो, कीं अगतिक होऊन केलेल्या विक्रीचा भाव न्याय्य मूल्य नव्हे. पण ‘बाजार घाबरला आहे’ या सबबीखालीं गैरसोयीचा भाव नाकारण्याची मुभाहि तो देत नाहीं. या दोहोंमधली वाट शोधणें हेंच मूल्यमापकाचें खरें अवघड काम.

देण्यांच्या बाबतींत आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. कंपनीची पत घसरली कीं तिच्याच कर्जरोख्यांचा भाव उतरतो. ते न्याय्य मूल्यानें मांडलेले असल्यास तिचें देणें कमी झालेलें दिसतें, म्हणजे दुर्दैवांतून फायदा निघतो! याकरितां नव्या मानकांनीं असा फरक बहुधा नफ्यांत न मिळवितां वेगळा दाखविण्यास सांगितलें आहे.

ज्या गृहस्थानें आपली पुंजी शेअरांत गुंतविली आहे, त्यानें वार्षिक अहवालांतील नफ्याच्या आंकड्यावर थांबूं नये. मागील टिपांत तिन्ही पायऱ्यांचें कोष्टक असतें. तिसऱ्या पायरीवरील मालमत्ता कशी मोजली, कोणतीं गृहीतें धरलीं, हें तेथें सांगणें कंपनीस बंधनकारक आहे. त्या पायरीवरील रक्कम मोठी असेल, तर नफ्याचा किती भाग बाजारानें ठरविला आणि किती चालकांच्या अंदाजानें, हें विचारण्याचा त्यास अधिकार आहे. पंचांनीं किंमत कशी काढली हें दोन्ही भावांस समजलें, तरच वाटणी पुढें टिकते.