हा गरुड तोच कशावरून?

स्टेलरचा समुद्रगरुड मूळचा रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा. हिवाळ्यात तो फार तर जपानपर्यंत उतरतो. डिसेंबर 2021 मध्ये तो अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन नदीकाठी दिसला. ओळख पटणे सोपे होते. भलीथोरली पिवळी चोच, पांढरे खांदे, पांढरी शेपटी. असा दुसरा गरुडच नाही. अवघड प्रश्न वेगळा होता : हा उडत आलेला, की कोणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला?

शंका पोकळ नव्हती. त्याच सप्टेंबरात पिट्सबर्गच्या पक्षिगृहातून याच जातीचा एक गरुड निसटला होता. तो ऑक्टोबरात सापडला. पण आम्हांला त्याहून भक्कम वाटतो तो दुसरा पुरावा. पंखांवरच्या पांढऱ्या डागांची ठेवण प्रत्येक गरुडात थोडी निराळी असते. छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा हेच डाग नोव्हेंबरातल्या नोव्हा स्कॉशियातील गरुडाच्या आणि उन्हाळ्यात क्वेबेक व न्यू ब्रन्सविकमध्ये टिपलेल्या गरुडाच्या पंखांवर आढळले. म्हणजे पिट्सबर्गचा पिंजरा उघडण्याआधीच हा तिकडे हिंडत होता!

मार्च 2021 मध्ये टेक्सासमध्येही असा गरुड दिसला होता. तो हाच असेलही. पण त्या छायाचित्रांत पंखांवरचे डाग नीट दिसत नाहीत. त्यामुळे ती नोंद या गरुडाच्या नावावर पक्की करता येत नाही.