‘मसल’ म्हणजे उंदीर, ‘पटेला’ म्हणजे वाटी! रिपोर्टमधल्या इंग्रजी शब्दांचा खरा अर्थ काय? समजून घ्या

एमआरआय किंवा एक्स-रेचा रिपोर्ट हातात आला की निम्मे शब्द डोक्यावरून जातात आणि उगाच धडकी भरते. पण यातले अनेक शब्द मुळात ग्रीक-लॅटिनमधले साधे, घरगुती शब्द आहेत. अवयव जसा दिसला, तसं त्याचं नाव पडलं.

उंदीर, बासरी आणि वाटी

दंड फुगवल्यावर आपल्याला ‘बेडकुळी’ दिसते. रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला. लॅटिनमधल्या ‘मस्क्युलस’चा, म्हणजे छोट्या उंदराचा, पुढे ‘मसल’ झाला. नडगीचं हाड ‘टिबिया’ म्हणजे बासरी. कानातला ‘कॉक्लिया’ म्हणजे गोगलगाय. ‘पटेला’ म्हणजे लहान थाळी. मराठीतही आपण गुडघ्याची ‘वाटी’च म्हणतो. ‘कॉक्सिक्स’ हे नाव मात्र कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याच्या चोचीवरून आलं. आपल्याकडे तेच ‘माकडहाड’!

चुकीच्या समजातून आलेलं नाव

‘आर्टरी’चा मूळ ग्रीक शब्द श्वासनलिकेसाठीही वापरला जायचा. मृतदेहात धमन्या बहुतेक रिकाम्या आढळायच्या, त्यामुळे त्यांतून हवा वाहते असा काही प्राचीन वैद्यांचा समज होता. दुसऱ्या शतकात गॅलेनने त्यात रक्तच असतं हे दाखवलं. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण मांडलं. समज गेला, नाव राहिलं.

रिपोर्ट कसा वाचाल?

मोठा शब्द तोडून पाहा. शेवटी ‘आयटिस’ असेल तर साधारणपणे दाह. म्हणजे ‘पटेलर टेंडिनायटिस’ हा गुडघ्याच्या वाटीजवळच्या स्नायुबंधाचा दाह. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदय, ‘हेपॅटो’ म्हणजे यकृत, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड.

इथे मात्र सावध!

‘इलियम’ हा लहान आतड्याचा शेवटचा भाग आहे आणि ‘इलियम’ हे कमरेचं रुंद हाडही आहे. उच्चार एकच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त मधल्या ‘ई’ आणि ‘आय’चा फरक. त्यामुळे नातेवाइकाला फोनवर रिपोर्ट वाचून दाखवू नका, स्पष्ट फोटो पाठवा. शब्दाचा अर्थ कळला तर भीती कमी होते आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो. आजार किती गंभीर आहे, हे मात्र त्यांनाच विचारा.