कढईतले इंधन

संध्याकाळचे सहा वाजले की घाटकोपरच्या खाऊगल्लीत, बोरिवली स्टेशनाबाहेर, मुलुंडच्या बाजारात आणि अंधेरीच्या गर्दीत एकाच वेळी किती कढया चढत असतील, याची गणती कुणी केल्याचे ऐकिवात नाही. गाडी पकडण्याआधी आपण वडापाव घेतो, मिरची चावतो आणि डब्यात शिरतो. वडा किती रुपयांनी महागला हे आपल्याला नेमके ठाऊक असते. तो ज्या तेलात तळला त्या तेलाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. काळपट, दाट झालेल्या त्या तेलाला तीन वाटा असतात. एक गटाराची. दुसरी, त्यातच ताजे तेल ओतून पुन्हा त्याच कढईची. आणि तिसरी, डब्यात भरून स्वस्तात दुसऱ्या कुणाच्या कढईकडे जाण्याची. अलीकडे चौथी वाट निघाली आहे. ती डिझेल इंजिनाच्या टाकीत जाते.

कल्पना मुळीच नवी नाही. पॅरिसच्या १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालत होते. इंजिन बनवलेले खनिज तेलासाठी. शेंगतेलासाठी त्यात काही फेरफार केलेला नव्हता. सूचना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर, तेव्हा तिथली यंत्रे तिथल्याच पिकावर चालावीत, असा सरळ हिशेब. इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याला पुढे या कल्पनेत रस निर्माण झाला. १९१३ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावरून तो नाहीसा झाला आणि खनिज तेल स्वस्त होत गेल्यावर शेंगतेलाची आठवणही मागे पडली. (दरवर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिन असतो. १८९३ साली याच दिवशी डिझेलने शेंगतेलावर इंजिन चालवले, असे त्या दिवशीच्या भाषणांत हमखास सांगतात. तारीख त्याच्या पहिल्या इंजिनाच्या चाचणीची आहे हे खरे, पण त्यात शेंगतेल नव्हते.)

मग आपल्या डिझेल गाडीत सरळ गोडेतेलाची पिशवी रिकामी केली तर? तसे करणारे लोक आहेत. २००२ साली वेल्समधल्या लॅनेलीच्या आसपास बऱ्याच जणांनी दुकानातले खाद्यतेल गाडीत भरायला सुरुवात केली. तिथे डिझेलवर जबर कर, खाद्यतेलावर तो नाही. शेवटी पोलीस रस्त्यावर उतरले आणि धुराला तळलेल्या बटाट्याचा वास येतो का, यावरून गाड्या तपासू लागले! गुन्हा तेल जाळण्याचा नव्हता, इंधनावरचा कर बुडवण्याचा होता.

गाड्या चालल्या हे खरे. पण किती दिवस, हा खरा प्रश्न. साधे गोडेतेल डिझेलच्या दहापटीहून अधिक घट्ट असते. डिझेल इंजिनात इंधनाचा बारीक फवारा उडावा लागतो. घट्ट तेलाचा फवारा न होता धार पडते, ते अर्धवट जळते, नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि खालचे इंजिन ऑइल दाट होत जाते. मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसते आणि वाचवलेले पैसे गॅरेजमध्ये जातात. शेतावरचे संथ चालणारे जुने एका सिलिंडरचे इंजिन असले लाड काही काळ चालवून घेते. आजची नाजूक फवाऱ्याची गाडी घेत नाही.

यावर तोड म्हणजे तेल पातळ करणे, आणि ते रसायनशास्त्राला जमते. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. कॉस्टिकच्या मदतीने मेथेनॉल या शेपट्या कण्यापासून सोडवते आणि त्यांच्या टोकाला स्वतः जाऊन बसते. १०० किलो तेल आणि साधारण १० किलो मेथेनॉल घेतले, तर जवळजवळ १०० किलो पातळ बायोडिझेल वर तरंगते आणि सुमारे १० किलो ग्लिसरीन तळाशी बसते. साबण बनवण्याच्या पद्धतीची ही सख्खी बहीणच. म्हणूनच तेलात पाणी राहिले किंवा ते फार वेळा तळून आंबट झाले असेल, तर इंधनाऐवजी साबणाचा चिकटा हाती येतो. हा प्रयोग कुणी फ्लॅटच्या गॅलरीत करू नये. मेथेनॉल भडकणारे आहे आणि विषारीही. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत गावठी दारूतून याच मेथेनॉलने शंभरावर माणसे मारली.

आता पैशाचे पाहू. ज्या देशाला आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणावे लागते, त्याने ताजे तेल इंजिनात जाळणे हा शुद्ध वेडेपणा. २०२४ मध्ये मुंबईत डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास होते आणि साधे रिफाइंड तेलही त्याहून महाग. म्हणून खाण्याजोगे नसलेले तेल शोधण्याची धडपड झाली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी करंजाच्या तेलावर खेड्यातली इंजिने चालवून दाखवली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये मोगली एरंडाचा पुरस्कार केला आणि पडीक जमिनीत सोने पिकणार, अशी हवा झाली. पण पाणी-खत न देता लावलेल्या झाडाला बियाही तशाच आल्या. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न होते. डिझेलमधले प्रत्यक्ष प्रमाण एक टक्क्याच्या आतच राहिले. २०१८ च्या धोरणाने उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आणले.

याच सुमारास लक्ष कढईकडे वळले, आणि माझ्या मते ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात 'टोटल पोलर कंपाउंड्स' नावाची अपायकारक संयुगे वाढतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढचे तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. १० ऑगस्ट २०१९ ला सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून बनवलेले बायोडिझेल विकत घेण्याची योजना जाहीर केली. पहिल्या वर्षाचा दर लिटरला ५१ रुपये.

अडचण या ५१ रुपयांतच होती. जुने तेल गोळा करणे, गाळणे, मेथेनॉल, कारखाना हे सारे त्यात बसवायचे. म्हणजे फरसाणवाल्याच्या हातात लिटरमागे पडणार त्याहून बरेच कमी. पलीकडच्या गल्लीतला गाडीवाला तोच डबा दोन पैसे जास्त देऊन उचलणार असेल, तर डबा तिकडेच जाणार. आणि तो डबा वडे होऊन आपल्याच पोटात येणार.

उपनगरांतल्या रिक्षा-टॅक्सी बव्हंशी सीएनजीवर गेल्या, लोकल विजेवर धावते. डिझेल उरले ते टेम्पो-ट्रक, जनरेटर आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या बोटींत. तळलेले तेल एवढ्या सगळ्यांची तहान भागवणार नाही. पण जेवढे टाकीत गेले, तेवढे कढईतून सुटले.

घरच्या चकल्यांचे उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवावे. पुन्हा तळणीला घेऊ नये आणि मोरीतही ओतू नये. आणि ज्याच्याकडून आपण रविवारी फाफडा-जिलबी आणतो त्याला, जुने तेल कोणाला देता, एवढे विचारायला हरकत नाही. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्याने त्याची नोंद ठेवावी, असा नियम १ मार्च २०१९ पासून आहे.