सहा क्यातचा डॉलर

एका वाचकाच्या प्रश्नाने अडवले. अमेरिकेने म्यानमारमधून आयात थांबवल्यावरही तिथल्या लष्करशहांकडे डॉलर येत होते, ते कुठून? मे 2003मध्ये देपायिनजवळ लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेने म्यानमारच्या मालाला दार बंद केले. यांगूनचे शिलाई कारखाने बसले, हातावर पोट असलेल्या मुली घरी गेल्या. अंदमान समुद्रातले यादाना वायूक्षेत्र मात्र चालूच राहिले. अमेरिकेची 1997ची बंदी नव्या गुंतवणुकीवर होती. अमेरिकी तेल कंपनी युनोकॉल आधीच आत होती, फ्रान्सची टोटाल तर त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हती. वायू नळाने थायलंडला जाई, त्यावर तिथली वीज तयार होई आणि म्यानमारच्या सरकारी तेल-वायू कंपनीला तिचा वाटा मिळे.

खरी गंमत हिशेबात होती. सरकारी दर डॉलरला सुमारे 6 क्यात (म्यानमारचे चलन), बाजारात हजाराच्या आसपास. 10 कोटी डॉलर सरकारी दराने वहीत चढवले की 60 कोटी क्यात दिसतात. बाजारभावाने तेच 10,000 कोटी होतात. मधली रक्कम अर्थसंकल्पात कधी उतरतच नसे, आणि शाळा-दवाखान्यांना पैसा नाही असे कागदोपत्री दाखवता येई. अर्थतज्ज्ञ शॉन टर्नेल हे वर्षानुवर्षे मांडत होते. (पुढे ते सू ची यांचे सल्लागार झाले आणि 2021च्या लष्करी बंडानंतर तुरुंगात गेले.) सहा क्यातचा हा सरकारी दर 2012पर्यंत टिकला.

यावर विचारले जाईल, मग 2010 साली सू ची नजरकैदेतून सुटल्या, 2015च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जिंकला, हे निर्बंधांचे फळ नव्हे काय? काही अंशी होय. सेनाधिकाऱ्यांना चीनवरचे अवलंबित्व टोचत होते, पश्चिमेची दारे उघडून हवी होती. 2011मध्ये चिनी पैशाचे मितसोन धरण थांबवले गेले ते उगाच नव्हे. पण सवलत दिली ती त्यांनी स्वतः आखलेल्या चौकटीत. 2008च्या घटनेने संसदेतल्या 25 टक्के जागा लष्कराला दिल्या आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला 75 टक्क्यांहून अधिक मते लागतील असे ठरवले. किल्ली त्यांच्याच खिशात राहिली, 1 फेब्रुवारी 2021ला बंड झाले तेव्हा ती फिरली.

वायू तोडला असता तर थायलंड अंधारात गेला असता, हा आक्षेप खरा आहे. पण नळ तोडायची गरजच नव्हती. पैसे तिऱ्हाईत खात्यात अडकवून ठेवता आले असते. त्यासाठी थायलंडला तयार करावे लागले असते, पुढे चीनला आणि आपल्यालाही, कारण चीनला वायू देणाऱ्या म्यानमारच्या श्वे वायूक्षेत्रात भारताच्या ओएनजीसी विदेश आणि गेल या कंपन्या भागीदार आहेत. एवढा राजनैतिक खटाटोप कोणाला नको होता, म्हणून शिलाई मशीन सोपे सावज ठरले. युरोपीय संघाने म्यानमारच्या सरकारी तेल-वायू कंपनीवर निर्बंध घातले ते फेब्रुवारी 2022मध्ये, अमेरिकेने तिच्या डॉलर व्यवहारांना हात घातला तो 2023च्या अखेरीस. क्रम उलटा लागला आणि त्याची किंमत भलत्यांनीच मोजली.