काळा गाऊन कोणाच्या मापाचा?

तुम्ही युसूफ वडगावहून रोज केजला नाहीतर अंबाजोगाईला कॉलेजला जात असाल, तर कोर्टाच्या आवारातले काळे कोट तुम्हाला नवीन नाहीत. गळ्याशी पांढरे बँड, काखेत फायली, भोवती पक्षकारांचा घोळका. आपल्याकडच्या मे महिन्यात तो कोट नुसता बघूनच घाम फुटतो. (खालच्या कोर्टात उन्हाळ्यात कोटाला सूट आहे, हे वकिलांचं नशीब.) कोटावरच्या गाऊनची वकिलांना सक्ती फक्त हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात.

न्यायमूर्तींच्या अंगावर हा गाऊन आला की आतला माणूस झाकला जातो, असं म्हणतात. त्याचं गाव, जात, घराणं सगळं आत आणि बाहेर फक्त न्यायालय. ऐकायला भारी वाटतं. पण हे गणित बघा. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ साली. तिथे न्यायमूर्ती म्हणून एका बाईने हा गाऊन पहिल्यांदा घातला १९७८ मध्ये. मधली ११६ वर्षं गाऊनच्या आत फक्त पुरुषच होते.

त्या पहिल्या न्यायमूर्ती म्हणजे सुजाता मनोहर. जन्म १९३४चा. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, मग ऑक्सफर्ड, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. वडील कांतीलाल देसाई पुढे गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. म्हणजे घरातच कायदा होता, हे सांगून टाकलेलं बरं. पण १९५८ मध्ये त्या मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या तेव्हा त्यांनी निवडलं काय? कंपन्यांचे, व्यापाराचे दावे. बाई वकील म्हणजे नवरा-बायकोची भांडणं, हा हिशेब त्यांनी मानला नाही. कौटुंबिक खटलेही लढवले, ते बरेचसे मोफत कायदा मदतीतून. अशी वीस वर्षं वकिली केल्यावर त्या न्यायमूर्ती झाल्या. १९९४च्या जानेवारीत त्या मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, मग केरळच्या मुख्य न्यायमूर्ती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थेट सुप्रीम कोर्टात. तिथे त्यांच्याआधी फक्त एकच बाई येऊन गेली होती, फातिमा बीवी, १९८९ मध्ये.

अमेरिकेतल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील, काळ्या गाऊनवर लेसची कॉलर घातलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. हा गाऊन शिवलाय पुरुषांसाठी, शर्टाची कॉलर आणि टाय दिसावा म्हणून गळा उघडा ठेवलाय. मग तिथे आम्ही बायकांनी काय दाखवायचं? म्हणून त्यांनी आणि सँड्रा डे ओ’कॉनर यांनी गळ्याशी लेस लावली. पुढे बहुमताशी मतभेद असला की गिन्सबर्ग वेगळी कॉलर घालून यायच्या. आपल्याकडे अशी सोय नाही, बँड सगळ्यांना सारखेच. त्यामुळे आपल्या न्यायमूर्तींची ओळख त्यांच्या निकालातच शोधावी लागते.

मनोहर यांच्या बाबतीत मी ‘विशाखा’ खटल्यापाशी थांबते. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत ‘साथिन’ होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या कामावर होत्या, कामामुळेच त्यांच्यावर सूड उगवला गेला. पण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळावर तेव्हा देशात वेगळा कायदाच नव्हता. महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ला निकाल आला. खंडपीठावर होते सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल. संसद कायदा करेपर्यंत आमची ही तत्त्वंच कायदा, असं कोर्टाने सांगून टाकलं. तो कायदा यायला २०१३ उजाडलं!

खंडपीठावर बाई होती म्हणूनच असा निकाल आला, असं मी म्हणणार नाही. बाकी दोघे पुरुषच होते. पण कामावरच्या बाईचा प्रश्न ऐकायला समोर तिघेही पुरुषच असते, तर आज तो फोटो कसा दिसला असता, हा विचार मनात येतोच.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. दिवाळीच्या मागेपुढे केज तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी ‘कोयत्यां’ची गाडी तुम्ही पाहिलीय. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून, मुक्काम फडाजवळच्या कोपीत. त्या बाईचं ऑफिस कुठलं? तिने तक्रार कुठे करायची? २०१३च्या कायद्यात तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर तिथे जाता येतं. किती कोप्यांपर्यंत ही माहिती पोचलीय, तुमच्याच गल्लीतल्या एखाद्या काकूला विचारून बघा.

तुमच्यातल्या कोणाला जज व्हायचं असेल, तर आणखी एक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. कामाचा अनुभव हवा, हे पटतं. पण एलएलबी झालेल्या मुलीला ही तीन वर्षं ज्युनिअर म्हणून तुटपुंज्या पैशांत काढायची असतात आणि घरी नेमकी तेव्हाच स्थळं बघणं सुरू असतं. गाऊन शिवायला फार पैसे लागत नाहीत. तो अंगावर येईपर्यंतची वर्षं महाग पडतात, आणि ती सगळ्यांना सारखीच महाग पडत नाहीत.

तोवर उद्या कॉलेजला गेलात की नोटीस बोर्डासमोर दोन मिनिटं थांबा. यूजीसीच्या २०१५च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात निवडून आलेले विद्यार्थीही हवेत. नावांचा कागद लावलाय का? नसेल, तर ऑफिसात जाऊन विचारा. आणि लेखी विचारा.