चोर सोडून संन्याशाला सुळी

तोंडवली-तळाशीलच्या वाळूत उभे राहून वायव्येकडे पाहिले तर नुसते पाणी दिसते. त्या पाण्यापलीकडे आखात, आणि आखाताच्या टोकाला इराक. आपल्या कोकणाला हा देश नवा नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन तिकडे गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशीपोटी लढून २९ एप्रिल १९१६ रोजी ही फौज शरण गेली. पुढच्या वर्षी जनरल मॉडने बगदाद घेतले आणि जाहीरनामा काढला, की आम्ही जिंकायला नव्हे, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत! मुक्त करायला आलेले हे पाहुणे मग उठायचे नाव घेईनात. १९२० साली इराकी जनतेने बंड केले, तेव्हा त्यांनी विमानांतून बॉम्ब टाकले.

२००३ मध्ये पाहुणे बदलले, जाहीरनामा मात्र जुनाच राहिला. सद्दाम हुसेन काही साधुसंत नव्हता. हलब्जाच्या कुर्दांना १९८८ मध्ये विषारी वायूने मारणारा तो हुकूमशहा. पण ९ एप्रिल २००३ ला त्याचा पुतळा पडला आणि बगदादमध्ये लूट सुरू झाली. लोकांनी कचेऱ्यांतल्या खुर्च्या नेल्या, पंखे नेले, इस्पितळातल्या खाटासुद्धा नेल्या. राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्या. त्यांत पाच हजार वर्षांपूर्वीचा वार्काच्या स्त्रीचा संगमरवरी मुखवटाही होता (तो सप्टेंबरात परत मिळाला). तेव्हा अमेरिकन रणगाडे कुठे होते? तेल मंत्रालयाच्या दारात! संरक्षणमंत्री रम्सफेल्ड पत्रकारांना म्हणाले, स्वतंत्र माणसाला चुका करायचे आणि गुन्हे करायचेही स्वातंत्र्य असते. वर थट्टा केली, की एकच फुलदाणी पळवणारा माणूस टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतात, देशात इतक्या फुलदाण्या आहेत तरी का?

फुलदाणी नेणारा टीव्हीवर दिसला. नोटा नेणारे कुणाला दिसले? मे २००३ ते जून २००४ या काळात न्यूयॉर्कहून बगदादला विमानांनी सुमारे १२ अब्ज डॉलर रोख गेले. वजन ३६३ टन! पैसा अमेरिकेचा नव्हे, बहुतेक इराकच्याच तेलाचा आणि गोठवलेल्या ठेवींचा. अमेरिकेनेच नेमलेल्या तपासनिसाने जानेवारी २००५ मध्ये सांगितले, की इराकी खात्यांना दिलेल्या ८.८ अब्ज डॉलरचा धड हिशेब लागत नाही. आपल्याकडे बचत गटाच्या वहीत दहा रुपयांची तफावत आली तर बाया रात्री उशिरापर्यंत बेरजा करीत बसतात.

पाश्चात्त्य संस्कृतीही आली बरे का! २००३ मध्येच बगदाद विमानतळावर बर्गर किंगचे दुकान थाटले गेले. सैन्याच्या तळांवर भांडी घासणारे, कपडे धुणारे हात मात्र भारत, नेपाळ, फिलिपिन्सचे. १२ नेपाळी तरुणांना जॉर्डनमध्ये हॉटेलात काम देतो म्हणून नेले आणि इराकच्या वाटेला लावले. ऑगस्ट २००४ मध्ये अतिरेक्यांनी त्या सर्वांना ठार केले. एजंटाचे कमिशन तोवर खिशात गेलेले होते. आखातात मुलगा पाठवताना कोकणातली आईही असाच एजंटाचा शब्द धरून बसते.

सगळ्यात मोठी गंमत कायद्याची. जून २००४ मध्ये अमेरिकन प्रशासक ब्रेमर यांनी जाता जाता १७ क्रमांकाचा हुकूम पक्का केला. परदेशी कंत्राटदारांनी कामावर असताना काहीही केले तरी इराकी न्यायालय त्यांना हात लावू शकणार नाही, असा तो हुकूम. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या भाडोत्री रखवालदारांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. १७ नागरिक मेले, त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. सात वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी देऊन टाकली.

त्याच २०१४ सालच्या जूनमध्ये मोसुलजवळ आपले ३९ भारतीय कामगार इसिसच्या तावडीत सापडले होते. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार, बंगालचे. त्यांना मारले गेले आहे हे सरकारने संसदेत सांगितले मार्च २०१८ मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी. २ एप्रिलला विमानातून ३८ पेट्या आल्या. एकाची ओळख पटायची राहिली होती.